इंग्रजीची सरेंडर व्हॅल्यू

जळगावच्या रिंग रोडवर किंवा धुळ्याच्या देवपुरात एक फेरी मारा. 'दोन महिन्यांत फाडफाड इंग्रजी', 'रोज दहा नवे शब्द', 'इंटरव्ह्यूची हमी' अशा पाट्या एकीला एक लागून दिसतील. एखाद्या क्लासात डोकावलात तर फळ्यावर त्या दिवसाचे दहा शब्द असतात. युबिक्विटस. मॅग्नॅनिमस. फ्लॅबरगास्टेड. मुलं ते वहीत उतरवतात, समोर मराठी अर्थ लिहितात आणि रात्री पाठ करतात. साक्री, पारोळा, चोपडा इथून सकाळच्या एसटीनं आलेली ही मुलं. त्यांची फी कापूस विकून भरलेली असते. त्या फीच्या बदल्यात मुलाच्या हाती 'फ्लॅबरगास्टेड' ठेवणं हा त्याच्या बापावर अन्याय आहे. शब्द जपून वापरतोय, पण यापेक्षा मऊ शब्द मला सापडत नाही.

हा मुलगा हा शब्द कुठे वापरणार? बँकेत नाही, दवाखान्यात नाही, पुण्याच्या कंपनीत पहिल्या दिवशी तर नाहीच. चार महिन्यांनी तो विसरणार. मग त्याला वाटणार, आपल्याला इंग्रजी येणं शक्य नाही. हा न्यूनगंडही तो फी भरूनच घरी नेतो.

शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका इंग्रज शिक्षकाला पडला होता. मायकल वेस्ट त्याचं नाव. ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात तो प्राचार्य होता. बंगालमधली मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात, मधेच शाळा सोडतात आणि हाती काही उरत नाही, हे तो रोज पाहत होता. बंगालमधल्या द्वैभाषिक शिक्षणावरचं त्याचं पुस्तक १९२६ साली निघालं. त्यात त्यानं विम्याच्या धंद्यातला एक शब्द उचलला, सरेंडर व्हॅल्यू. हा शब्द आपल्याकडे समजावून सांगावा लागत नाही. एलआयसीची पॉलिसी मधेच मोडली की जे पैसे हातात पडतात ते. वेस्टचा सवाल असा, की मुलानं सातवीत, आठवीत शाळा सोडली तर तोवर शिकलेल्या इंग्रजीचं त्याच्या हातात काय पडतं? बंगालमध्ये उत्तर होतं, जवळजवळ काहीच नाही. कारण सगळा अभ्यास शेवटपर्यंत टिकणाऱ्या मूठभरांसाठी आखलेला होता.

वेस्टनं त्यावर उपायही केला. मुलाला आधी वाचता यावं म्हणून मोजक्या, सतत भेटणाऱ्या शब्दांवर वाचनमाला बांधली. पुढे १९५३ साली सुमारे दोन हजार उपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. इंग्रजी शिकवणाऱ्या जगभरच्या पुस्तकांनी नंतर तिचा आधार घेतला. म्हणजे कोणते शब्द आधी शिकवावेत हा विचार लंडनच्या दिवाणखान्यात सुरू झालेला नाही. तो आपल्यासारख्याच मुलांच्या वर्गात, आपल्याच उपखंडात पुढे आला. शंभर वर्षांनी आपण परत फ्लॅबरगास्टेडवर यावं, याचा मला राग येतो.

खान्देशातल्या घरात इंग्रजी कुठे असतं ते बघा. पुस्तकात कमी, कागदांवर जास्त. औषधाच्या पाकिटावर, बँकेच्या एसएमएसमध्ये, गाडीच्या कर्जाच्या करारावर, विम्याच्या पॉलिसीत, आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे फवारणीच्या बाटलीवर.

ही बाटली घेऊ. तिच्यावर चौकटीत रंगीत त्रिकोण असतो. लाल आणि पिवळ्या त्रिकोणावर 'पॉयझन' लिहिलेलं असतं, निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन'. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा त्रिकोण पाहून कित्येक जण निर्धास्त होतात, कारण आपल्या डोक्यात हिरवं म्हणजे चालू द्या. पण 'कॉशन' म्हणजे जपून. तेही विषच आहे, फक्त उतरत्या क्रमात शेवटचं. पुढे मात्रेचा तक्ता असतो. त्यात प्रमाण दर हेक्टरी दिलेलं असतं आणि आपला सगळा हिशेब एकरात चालतो. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. 'पर हेक्टर' हे दोन शब्द सुटले की औषध अडीचपट पडलं. त्याच तक्त्यात दोन रकाने असतात. 'अ‍ॅक्टिव्ह इन्ग्रेडिएंट' म्हणजे मूळ विषाचं वजन आणि 'फॉर्म्युलेशन' म्हणजे बाटलीतून प्रत्यक्ष ओतायचं माप. ओतायचं ते दुसऱ्या रकान्यातलं. खाली 'अँटिडोट'ची ओळ असते. विषबाधा झाली तर डॉक्टर आधी ती शोधतो, म्हणून रुग्णाबरोबर बाटली न्यायची असते. माहितीपत्रकात मराठी मजकूरही असतो, पण अक्षर इतकं बारीक की चष्मा लावूनही तो वाचवत नाही. बहुतेक वेळा पत्रक दुकानातच पडून राहतं.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. कारणं अनेक होती. दोन-तीन औषधं एकत्र मिसळणं, डोक्याएवढी वाढलेली कपाशी, अंगावर संरक्षक कपडे नसणं. सगळा दोष बाटलीवरच्या भाषेचा होता असं मी म्हणणार नाही. पण कापूस आमच्याकडेही आहे, बाटल्या त्याच आहेत, आणि घरात दहावी झालेलं पोरगं आहे. दहा वर्षं इंग्रजी शिकलेल्या त्या पोरानं बापाला हे पाच-सहा शब्द वाचून दाखवावेत, एवढी अपेक्षा जास्त आहे का? त्याच्या इंग्रजीची सरेंडर व्हॅल्यू मी इथे तपासेन.

आता एक शब्द घ्या, वेटिंग. भुसावळ जंक्शनच्या आसपास राहणाऱ्या शेंबड्या पोरालाही तो कळतो. तिकीट वेटिंगला आहे, म्हणजे अजून जागा नाही. हाच शब्द फवारणीच्या बाटलीवर 'वेटिंग पिरियड' म्हणून येतो. तिथे त्याचा अर्थ शेवटची फवारणी आणि तोडणी यांच्यामध्ये सोडायचे दिवस. ते पाळले नाहीत तर विषाचा अंश मालाबरोबर गिऱ्हाइकाच्या पोटात जातो, आणि परदेशी पाठवलेला माल तपासणीत अडकतो. तोच 'वेटिंग पिरियड' आरोग्य विम्याच्या पॉलिसीत भेटतो. तिथे अर्थ वेगळा. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजाराचा खर्च कंपनी जितके महिने देणार नाही तो काळ. २०२४पासून तो जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. मधुमेह असलेल्या माणसानं पॉलिसी घेतली, दुसऱ्या वर्षी त्याच मधुमेहापायी पायाचं ऑपरेशन निघालं, क्लेम नाकारला गेला, आणि घरच्यांना वाटलं कंपनीनं फसवलं. काही वेळा कंपन्या फसवतातही. पण हे दोन शब्द पहिल्या पानांतच छापलेले असतात. शब्द ओळखीचा होता, त्याचं इथलं काम माहीत नव्हतं. शब्दसंग्रह वाढवणं म्हणजे माहीत असलेल्या शब्दाची अशी दुसरी-तिसरी कामं शिकणं. क्लासच्या यादीत 'वेटिंग' कधीच येत नाही, कारण मास्तरांना तो सोपा वाटतो.

असाच दुसरा शब्द, फ्लॅट. जळगावात फ्लॅट म्हणजे अपार्टमेंटमधलं घर. कर्जाच्या कागदावर मात्र 'फ्लॅट रेट' म्हणजे फेडलेल्या रकमेवरही शेवटपर्यंत व्याज. एक लाखाचं कर्ज, तीन वर्षं, दहा टक्के फ्लॅट. व्याज झालं तीस हजार, हप्ता सुमारे ३,६११ रुपये. हाच हप्ता बँकेच्या 'रिड्यूसिंग' पद्धतीनं मोजला तर व्याजदर निघतो सुमारे १८ टक्के. दुचाकीच्या शोरूममध्ये 'फक्त दहा टक्के' ऐकून सही करणाऱ्या बी.कॉम. झालेल्या मुलाला हा फरक माहीत नसेल, तर त्याला इंग्रजी आणि गणित दोन्ही विषयांत पास कुणी केलं?

खान्देशी माणसाला शब्द जड जातात हे मात्र कुणी मला सांगू नये. गरज पडली की तो वाट्टेल तो शब्द उचलतो आणि नेमका वापरतो. अमळनेर बघा. १९४५ साली तिथे वनस्पती तेलाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. त्याचीच पुढे विप्रो झाली. गावातल्या कितीतरी साध्या घरांत तिचे शेअर होते आणि आहेत. म्हणून बोनस, स्प्लिट, डिव्हिडंड, डीमॅट हे शब्द अमळनेरच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना येतात, मोठ्या शहरातल्या एमबीएच्या विद्यार्थ्याला समजावून सांगता येतील इतके येतात. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत जा. टिश्यू, लॅटरल, व्हेंचुरी, फर्टिगेशन, स्कर्टिंग बॅग हे शब्द शाळा न पाहिलेला सालदारही बोलतो, आणि बोलतो ते काम करून दाखवत. जळगावच्या सराफ बाजारात आलेली बाई हॉलमार्क पाहते, नऊशे सोळाचा शिक्का पाहते, मेकिंग किती लावलं ते विचारते. २०२०च्या साथीत तर सगळा जिल्हा दोन-तीन महिन्यांत स्वॅब, क्वारंटाइन, सॅच्युरेशन, व्हेंटिलेटर शिकला. 'रिपोर्ट निगेटिव्ह' ही चांगली बातमी असते, हे ज्या आजीला आधी कळत नव्हतं तिनंच पुढे गल्लीला समजावलं. या सगळ्यांत समान काय? शब्द वस्तूबरोबर आला, कामाबरोबर आला, आणि चुकलं तर किंमत मोजावी लागणार होती. रोज दहा शब्दांच्या यादीत यातलं एकही नसतं.

पण या शब्दांकडे जरा नीट पाहा. जवळजवळ सगळी नामं. इंग्रजी नामांचा आपल्याकडे सुकाळ आहे, दुष्काळ आहे तो क्रियापदांचा. आपण नाम इंग्रजीतून उचलतो आणि क्रियापद मराठीचं जोडतो. फोन मार, चेक कर, कॅन्सल झालं, पेमेंट अडकलं. मराठीत हे उत्तम चालतं, माझी त्याला हरकत नाही. अडतं ते पूर्ण इंग्रजी वाक्य बोलायची वेळ येते तेव्हा. हिंजवडीत नोकरीला लागलेला शिरपूरचा मुलगा अकाउंट्सच्या खिडकीशी उभा आहे. त्याला विचारायचंय, माझं पेमेंट कधी मिळेल? पेमेंट माहीत आहे, माय माहीत आहे, व्हेन माहीत आहे. 'मिळणं' सापडत नाही. तो त्यासाठी मोठा शब्द शोधतो, तो मिळत नाही, मान खाली घालून परततो. 'व्हेन विल आय गेट माय पेमेंट?' त्याला फक्त 'गेट' हवा होता. तीन अक्षरांचा शब्द, पहिलीच्या पुस्तकातला.

सी. के. ऑग्डेन या इंग्रज अभ्यासकानं १९३० साली 'बेसिक इंग्लिश' मांडलं. शब्द ८५०, त्यात क्रियापदं फक्त १८. गेट, गिव्ह, टेक, पुट, कीप, लेट, मेक, सेंड, सी, से, गो, कम अशी. एवढ्यांवर रोजचा व्यवहार चालतो असा त्याचा दावा होता. तो मी पूर्ण मानत नाही. कारण 'पुट'ला 'ऑन' लागलं की कपडे चढवणं, 'ऑफ' लागलं की काम पुढे ढकलणं, 'अप विथ' लागलं की मुकाट्यानं सोसणं, आणि हे सगळं वेगळं शिकावंच लागतं. पण दिशा त्याचीच बरोबर. केळीच्या व्यापाऱ्याचा मुलगा दिल्लीच्या गिऱ्हाइकाला 'आय विल सेंड द ट्रक टुमारो' आणि 'प्लीज कीप इट फॉर टू डेज' एवढं न अडखळता म्हणाला तर त्याचा धंदा पुढे सरकतो. पन्नास क्रियापदं, त्यांची भूतकाळाची रूपं, आणि त्यांना लागणारे इन, ऑन, ऑफ, अप, आउट. सहा महिन्यांचा क्लास यावरच चालवा. वीस मोठी विशेषणं कमी आली तरी कुणाचं अडणार नाही.

धुळ्याला तर याची आठवण करून द्यायला नको होती. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी मराठीचे धातू गोळा करण्यात, त्यांची मुळं शोधण्यात वर्षं घातली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच गेले, आणि त्यांचा धातुकोश पुढे त्यांच्याच नावाच्या इथल्या संशोधन मंडळानं छापला. क्रियापदांवर असं प्रेम केलेल्या माणसाच्या गावात भाषेच्या वर्गात क्रियापदाला दहा मिनिटं मिळू नयेत, हे मला फार लागतं.

क्लासमधल्या 'मायसेल्फ'बद्दलही सांगून टाकतो. 'मायसेल्फ अमुक अमुक, आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' हे वाक्य खान्देशातून पुण्याला जाणाऱ्या निम्म्या मुलांना कुणीतरी शिकवलेलं असतं. 'आय अ‍ॅम' म्हणून नाव सांगा, 'आय हॅव टू ब्रदर्स' म्हणा. आधीपेक्षा सोपं आहे आणि बरोबरही. 'डिस्कस अबाउट'मधला अबाउट काढा, 'रिटर्न बॅक'मधला बॅक काढा. पण 'कझिन ब्रदर'ला हसणाऱ्यांना मी जुमानत नाही. ज्यांच्या घरात चुलत, मामे, आते, मावस असे चार प्रकारचे भाऊ एका पंगतीत जेवतात त्यांना नुसता 'कझिन' पुरत नाही. आपल्याच देशात रुळलेला 'प्रीपोन' आज ऑक्सफर्डच्या कोशात बसलाय.

आता शाळा. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीला भेटायचं. मोरेंचा तो निर्णय मला योग्य वाटतो. गावातल्या मुलाला शहरातल्या मुलाच्या चार वर्षं मागे ठेवण्यात कसलाही भाषाभिमान नव्हता. ती पहिली तुकडी आज तिशीच्या घरात आहे. पुस्तकंही बदलली. बारावीच्या युवकभारतीत निरोप लिहिणं, गटचर्चा, स्वतःबद्दल निवेदन असे कामाचे धडे आहेत. आणि आपण काय करतो? गाइडमधला तयार निरोप पाठ करतो. दुसऱ्याचा, दुसऱ्याला दिलेला, कधीच न घडलेल्या फोनवरचा निरोप. परीक्षेत चार मार्क पडतात आणि त्याच मुलाला घरी आलेल्या कुरिअरवाल्याचा फोन इंग्रजीत घेता येत नाही. दोष पुस्तकाचा नाही, शिकवण्याचा आहे.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं. आमच्या पोरांची मराठीच धड नाही, अहिराणी बोलतात, त्यांना इंग्रजी कसं येणार? हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत बोललं जातं, आणि ते मुलांच्या कानावर पडतं. २०११च्या जनगणनेत साडेअठरा लाखांहून जास्त लोकांनी आपली भाषा खान्देशी, अहिराणी अशी नोंदवली. ही मुलं भाषेविना आलेली नाहीत, एक भाषा घेऊन आलेली आहेत. आणि ती इंग्रजी शिकायला उपयोगी आहे. 'माय रोज भाकरी करस' आणि 'माय भाकरी करी राहिनी' यांतला फरक शिंदखेड्याच्या पाच वर्षांच्या मुलीला चोख माहीत असतो. पहिलं रोजचं, दुसरं आत्ता चुलीपुढे चाललेलं. इंग्रजीच्या साध्या आणि चालू वर्तमानकाळात हाच फरक आहे. शिक्षकानं फळ्यावर ही दोन अहिराणी वाक्यं लिहिली आणि शेजारी इंग्रजी लिहिलं, तर एका तासात जे कळेल ते व्याख्या घोकून महिन्यात कळत नाही. यावल-रावेरच्या लेवा घरातलं मूल शाळेला 'शाया', केळीला 'केयी' म्हणतं. त्याला हसू नका. हसलात की ते मराठीतही गप्प बसेल आणि इंग्रजीत तर तोंडच उघडणार नाही. सातपुड्याच्या पायथ्याची पावरा, भिल्ल मुलं तर इंग्रजीपर्यंत पोहोचेपर्यंत दोन-तीन भाषा ओलांडून आलेली असतात. एवढ्या भाषा पेलणाऱ्या मुलाला मठ्ठ म्हणणाऱ्याची मला चीड येते.

पालकांना माझं सांगणं आहे. क्लासची फी भरण्याआधी मालकाला विचारा, तीन महिन्यांनी मुलानं क्लास सोडला तर घरातला कोणता कागद त्याला वाचता येईल आणि कोणती पाच कामं फोनवर इंग्रजीत करता येतील? नेमकं उत्तर आलं तर भरा. 'पर्सनॅलिटी डेव्हलप होईल' असं उत्तर आलं तर उठून या.

आणि जिल्हा परिषदेच्या, संस्थांच्या शाळांतल्या इंग्रजीच्या शिक्षकांनो, तुमच्याकडे फी न घेता हे करण्याची जागा आहे. येत्या सोमवारी सहावीच्या पुढच्या मुलांना घरातला इंग्रजी छापलेला एकेक कागद आणायला सांगा. औषधाचं रिकामं पाकीट, विजेच्या मोटारीची वॉरंटी, पॉलिसीचं पहिलं पान, खताच्या गोणीवरचं लेबल, काहीही चालेल. फवारणीची रिकामी बाटली मात्र आणू देऊ नका, तिच्या माहितीपत्रकावर भागवा. प्रत्येक कागदातून तीन शब्द काढा, त्यांतलं एक क्रियापद असू द्या, आणि ते घरी जाऊन समजावून सांगायला लावा, अहिराणीत सांगितलं तरी चालेल. कोणते कागद आले, कोणते शब्द अडले ते मला या सदराच्या पत्त्यावर कळवा. ज्या शब्दांवर जास्त मुलं अडली असतील ते पुढच्या महिन्यात अर्थासह इथे छापू.